सतरा बटणं आणि टाकीचं वळण

ती. अण्णा यांस,

साष्टांग नमस्कार. (तो कागदावरचाच गोड मानून घ्यावा. आठ अंगांपैकी दोन गुडघे हल्ली जमिनीपर्यंत यायला तयार होत नाहीत, आणि एकदा आले की परत उठायला तयार होत नाहीत.) तुमची तब्येत कशी आहे? जिना चढताना दम लागायचा, तो कमी झाला का? वहिनींना नमस्कार सांगा आणि त्यांच्या कुंड्यांची मी मनापासून चौकशी केली आहे असंही सांगा. इकडे सर्व ठीक. तुमच्या बहिणीचा डावा गुडघा कुरकुरतो, उजवा त्याचं ऐकून घेतो, आणि बुधवारी-शनिवारी सकाळी मी तिला गाडीने व्यायामाच्या दवाखान्यात नेतो-आणतो. माझं म्हणाल तर हात स्थिर, नजर तीक्ष्ण. पुरावा तुमच्या हातातच आहे. साध्या कोऱ्या कागदावर लिहितो आहे, खाली रेघांचा कागद ठेवलेला नाही, तरी प्रत्येक ओळ कशी सुतात आहे ते बघा. बत्तीस वर्षं रस्त्यावर पांढरे पट्टे मारलेत, ती सवय अशी जात नाही.

आता तुम्ही म्हणाल, या मेहुण्याला एवढ्या वर्षांनी आपली आठवण कशी झाली, आणि झाली तर फोन का नाही केला. फोनवर तुम्ही 'बरं, बरं' म्हणता आणि वहिनींच्या हातात देता. शिवाय मला तुमच्याकडून जे हवंय ते लेखी हवंय. ते काय ते ओघात येईलच. पण आधी सगळी हकीकत ऐका, कारण माझ्यावर जो अन्याय चालला आहे तो मुळापासून समजल्याशिवाय तुमचं रक्त तापणार नाही.

झालं असं की तुमच्या भाचीने आम्हाला नवीन गाडी दिली. जुनी गाडी तुम्हाला माहीत आहे, तीच, जिचं मागचं दार फक्त बाहेरून उघडायचं. ती चांगली चालत होती. पण पोरगी एकदा माझ्या शेजारी बसून बाजारापर्यंत आली आणि उतरल्यावर आधी रस्त्याच्या कडेला जाऊन बसली. मग म्हणाली, बाबा, तुम्ही आता गाडी चालवणं बंद करा. मी म्हणालो, आणि तुझ्या आईने दवाखान्यात काय उडत जायचं? आमचं घर गावाच्या अगदी टोकाला, बसचा थांबा पाऊण तासाच्या अंतरावर (निरोगी गुडघ्यांनी), म्हणजे किल्ली गेली की आम्ही दोघं खिडकीत बसून समोरच्या भिंतीशी गप्पा मारणार. बरीच वादावादी झाली. शेवटी तिने तोडगा काढला. पट्टा ओलांडला की ओरडणारी नवी गाडी घ्यायची, महिनाभर मी ती चालवायची, आणि ती किती वेळा ओरडते त्यावरून काय ते ठरवायचं.

मोजायचं कोणी? तुमच्या बहिणीने. तिची बटणांची बरणी तुम्ही पाहिली आहे, शिवणकामातली, जिच्यात तुमच्या लग्नातल्या कोटाचंही एक बटण आहे. त्या बरणीतली मूठभर बटणं ती पिशवीत घेऊन शेजारी बसते आणि गाडी एकदा वाजली की एक बटण माझ्यासमोर, मला दिसेल असं, पुढच्या खणात टाकते. टाकताना काही बोलत नाही. (बोलली असती तर परवडलं असतं.) महिन्यात वीसच्या वर बटणं झाली की किल्ली पोरीच्या पर्समध्ये. वीसपर्यंत राहिली तर माझ्याकडे, आणि पुन्हा विषय निघणार नाही. येत्या रविवारी महिना भरतो. आज मंगळवार आहे आणि खणात सतरा बटणं आहेत.

पण गाडीबद्दल सांगायचं राहिलं. शोरूममध्ये एक मुलगी होती, गाडी समजावून सांगणारी, तुरतुर बोलणारी. तिने वरच्या आरशामागे, काचेला चिकटलेली एक डबी दाखवली. चष्म्याच्या डबीपेक्षा मोठी नाही. त्यात कॅमेरा. म्हणाली, काका, हा सारखा समोरचे पांढरे पट्टे बघत असतो. काळ्या डांबरावर पांढरं कुठे सुरू होतं नि कुठे संपतं एवढंच बघायचं, त्यावरून आपण दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठे आहोत आणि कोणत्या बाजूला किती वेगाने सरकतोय ते काढायचं, आणि इंडिकेटर न देता चाक पट्ट्यावर जाणार असं वाटलं की सांगायचं. अण्णा, मला तिथेच खुर्चीत बसावं लागलं. आपण दोघांनी भर उन्हात खडू लावलेली दोरी झटकून आखणी करायची, मग त्यावर उकळता रंग ओतायचा, तो थिजायच्या आत रात्री दिव्यांत चमकणारे काचेचे बारीक मणी पेरायचे, आणि लोकांनी काय करायचं, तर त्यावरून बेधडक गाड्या न्यायच्या. बत्तीस वर्षांत एका माणसाने गाडी थांबवून 'काय सरळ पट्टा मारलाय हो' म्हटलेलं मला आठवत नाही. आणि आता ही एवढीशी डबी, डोळ्याची पापणी न लवता, आपलं काम बघत बसते. मी त्या मुलीला मण्यांबद्दल सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकूनही घेतलं, मात्र पुढच्या माणसाला बोलवायची तिला फार घाई होती.

तेव्हा सुरुवातीला माझं त्या डबीशी काही वैर नव्हतं. वैर पहिल्याच दिवशी सुरू झालं. मोठ्या रस्त्याला लागलो, साठाच्या पुढे वेग गेला (त्याच्या खाली ती झोपलेली असते), आणि एकदम टूं टूं वाजून स्टिअरिंग हातात थरथरलं. मी समजलो टायर गेला. गाडी कडेला घेतली, चारही टायरांना लाथा मारून पाहिल्या, डिकीतला पाचवाही सोडला नाही. परत बसलो, निघालो, पुन्हा थरथर. असं तीनदा. चौथ्यांदा सरळ गॅरेजवाल्याकडे नेली. तो शेजारी बसून चक्कर मारून आला आणि म्हणाला, काका, गाडी ठणठणीत आहे, तुम्ही पट्टा मध्ये घालून चालवताय. आता तुम्हीच सांगा, पट्टा मध्ये घालायचा नाही तर कुठे घालायचा? शेवटची सोळा वर्षं मी रंगाची गाडी चालवली. डावं चाक इकडे, उजवं तिकडे आणि पट्टा बरोबर मधोमध, गाडीच्या खाली. तशी न चालवणाऱ्याला साहेब फाडून खायचे. जुन्या गाडीतही मी तशीच चालवत होतो, फक्त ती गाडी सुसंस्कृत होती, बोलत नव्हती. त्या सवयीपायी पहिल्या आठवड्यात सहा बटणं गेली. ती मला मान्य आहेत. सवय मी आठ दिवसांत मोडली, या वयात, याचं श्रेय मात्र कोणी देत नाही.

मग मला इंडिकेटरची गंमत कळली. इंडिकेटर चालू असला की गाडी समजते, हा माणूस मुद्दाम बाजूला जातोय, आणि गप्प बसते. नियमात बसणारी गोष्ट आहे. मी घरातून निघतानाच उजवा इंडिकेटर लावला आणि दवाखान्यापर्यंत काढला नाही. एकदाही वाजली नाही! पण मागे एक बस होती. तिच्या ड्रायव्हरला वाटलं, मी आता वळणार, म्हणून तो बिचारा वेग कमी करून वाट बघत राहिला, आणि त्याच्यामागे एक ट्रक, त्याच्यामागे दुधाची गाडी, अशी आमची बरीच मोठी रांग झाली. सिग्नलला बस शेजारी आली तेव्हा तो ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन माझ्याबद्दल जे बोलला ते तुमच्या बहिणीने ऐकलं, आणि एक नव्हे, दोन बटणं टाकली. मी म्हणालो, गाडी वाजलेली नाही. ती म्हणाली, बसवाला वाजला ना.

गाडीत दुसरं एक प्रकरण आहे, ते नुसतं ओरडत नाही, स्वतः स्टिअरिंग वळवतं. हलकेच. तुम्ही कडेला सरकायला लागलात की चाक आपोआप आतल्या बाजूला येतं. कोणी तरी आपला दंड धरून 'अहो, इकडून' म्हणावं तसं. चाळीस वर्षं संसार झाल्यामुळे मला हा स्पर्श ओळखीचा होता आणि म्हणून मी सवयीने उलटा जोर लावला. (त्या झटापटीत आणखी दोन बटणं.) मग मनात आलं, एवढं येतंय तर हिलाच चालवू द्यावी, आणि मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो. पंधरा सेकंदही झाले नसतील, पडद्यावर लाल अक्षरं आली की हात स्टिअरिंगवर ठेवा. म्हणजे धरलं तरी ओरडते, सोडलं तरी ओरडते. मदत करणार, पण जबाबदारी तुमची. तुमच्या बहिणीला हे तत्त्व फार पटलं. आणि एकदा तर कमालच झाली. मी दोन-चारदा इकडेतिकडे झालो तर पडद्यावर कपाचं चित्र आलं. वाफेसकट. मला वाटलं, गाडीत चहाची सोय आहे आणि आपल्याला कोणी सांगितलीच नाही. तुमच्या बहिणीने चष्मा लावून खालचं वाचलं, तर 'थकला आहात, विश्रांती घ्या' असं होतं. आम्ही टपरीवर थांबून चहा घेतला. महिन्याभरात तिने गाडीचं कौतुक केलं ते त्या दिवशी.

चुका तिच्याही होतात हे लिहून ठेवतो, नाहीतर तुम्हाला वाटेल यंत्र म्हणजे देव. पुलाजवळ डांबराला भेग पडली होती ती कोणी काळ्या चकचकीत मसाल्याने बुजवली आहे. दुपारच्या उन्हात ती लांबलचक रेघ चमकते, आणि ही शहाणी तिलाच पट्टा समजून वाजली. पाऊस जोराचा असला, काच मळलेली असली, पट्टा झिजलेला असला की तिला काही दिसत नाही, मग पडद्यावरची रेघांची खूण करडी होते आणि ती मुकाट बसते. निदान दिसत नाही हे कबूल करते, एवढं मात्र मी तिच्या बाजूने म्हणेन. पुलाजवळचं ते बटण मी वाद घालून परत मिळवलं.

आणि खरं सांगायचं तर दोष गाडीइतकाच नव्या लोकांच्या कामाचाही आहे. अण्णा, हल्ली पांढरा रंग पांढरा राहिलेला नाही! सगळे पट्टे पिवळट, साय धरल्यासारखे. आपल्या वेळचा पांढरा बघून डोळे दिपायचे. आणि हात तर असे की काही ठिकाणी पट्ट्याच्या शेजारी दुसरा फिका पट्टा उमटलेला दिसतो, म्हणजे यंत्र हललं आणि तसंच सोडून दिलं. साहेब लोक बघत नाहीत का? मी हे तुमच्या बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, मला एकच दिसतोय. तिला त्यातलं काय कळणार? तिने परवा बैठकीच्या खोलीला सायीच्या रंगाचे पडदे लावले आणि मला म्हणते पांढरे आहेत. ज्या माणसाने आयुष्य पांढऱ्या रंगात घालवलं त्याला!

आता मुद्द्यावर येतो. बाकीची सगळी बटणं मी समजू शकतो. पण गेल्या तीन खेपा टाकीच्या वळणावर गाडी न चुकता वाजते आहे. दर खेपेला, त्याच जागी, दोनदा. दवाखान्याकडे जाताना पाण्याची टाकी लागते, तिला वळसा घालून रस्ता जातो, तिथला कडेचा पट्टा. सकाळचं ऊन तिथे अगदी समोरून तोंडावर येतं, पण उन्हाचा पट्ट्याशी काय संबंध? येताना कधी वाजत नाही, कारण येतानाची बाजू दुसऱ्या टोळीने आखली होती. जातानाची आपण. अण्णा, मी नाव घेणार नव्हतो, पण तुम्हालाही एव्हाना आठवलं असेल.

बावीस वर्षांपूर्वी तुम्ही त्या वळणाच्या काँक्रीटच्या कडेवर खुणेचे खिळे ठोकलेत, दोरी ताणून माप धरलंत, आणि मी रंग ओतला. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब जीपमधून तिथून गेले आणि म्हणाले, पट्ट्याला पोट आलंय. कोणाची चूक? मी तिथेच उभा होतो, मला बोलावं लागलं. मी म्हणालो, दोरी सैल असेल. (मी 'असेल' म्हणालो होतो. 'होती' म्हणालो नव्हतो. हा फरक मी तेव्हाही तुम्हाला सांगायचा प्रयत्न केला, पण तुम्ही डबा बंद करून उठून गेलात.) त्यानंतर तुम्हाला दोरीवरून काढून गोदामात केशरी शंकू मोजायला बसवलं आणि तिथूनच तुम्ही निवृत्त झालात. तेव्हापासून तुम्ही आमच्याकडे कार्यापुरते येता, पानावर बसता, पोरीशी बोलता, रस्त्याचं नाव काढत नाही. मीही काढलं नाही. झालं गेलं.

पण आता बघा, डांबर दोनदा बदललं तरी नव्या लोकांनी तुमच्याच खिळ्यांवरून पट्टा मारला आहे, म्हणजे ते पोट जसंच्या तसं जपलं गेलं. आणि त्याचा भुर्दंड मला. या आठवड्यात तिथून दोनदा जायचंय, चार बटणं ठरलेली. सतरा आणि चार एकवीस. एका बटणासाठी माझी किल्ली जाणार, आणि ते बटण, रागावू नका, तुमचं आहे. म्हणून एवढीच विनंती की भाचीला दोन ओळी लिहाव्यात. 'टाकीच्या वळणावरचा पट्टा मुळातच वाकडा आहे, त्या वेळी दोरी थोडी सैल राहिली होती, तेव्हा तिथली बटणं धरू नयेत.' खाली सही. ती तुमचा शब्द मानते, माझा मानत नाही. बावीस वर्षांनी कबूल करायला काय हरकत आहे? आता तुम्हाला कोणी गोदामात पाठवणार नाही. पत्र शनिवारच्या आत पोचेल असं बघावं.

वहिनींच्या कुंड्यांना पुन्हा एकदा नमस्कार. तुम्ही हसताय असं समजूनच थांबतो.

तुमचा मेहुणा,
रंगराव
(ऑफिसातलं नाव मुद्दाम लिहितो आहे. तुम्हीच ठेवलं होतंत.)

ता. क. (मंगळवार, संध्याकाळ) पत्र पोस्टात पडलेलं नाही. तुमच्या बहिणीने पाकीट चिकटवायच्या आधी सगळं वाचलं आणि पदराखाली घेऊन बसली आहे. तिचं म्हणणं, 'माझ्या दादाच्या दोरीला नाव ठेवायचं तर आधी मोजा, मग लिहा.' बावीस वर्षांत तिने या विषयावर काढलेलं हे पहिलं वाक्य. मी म्हणालो, उद्या जाताना मोजून दाखवतो. बुधवारचा व्यायाम बुडेल, पण खुशाल बुडू दे म्हणाली. माळ्यावरून तुमची जुनी दोरी काढली आहे.

ता. क. दुसरा (बुधवार) जाऊन आलो. जाताना गाडी टाकीपाशी वाजलीच, दोनदा, म्हणजे एकोणीस. गाडी टाकीच्या फाटकाशी लावली, निवृत्तीच्या वेळी आठवण म्हणून दिलेले दोन शंकू रस्त्याच्या कडेला ठेवले, केशरी जाकीट चढवलं (बटणं लागत नाहीत, इथे हा विषय नको), आणि तुमच्या बहिणीला घडीच्या स्टुलावर बसवून खिळ्याखिळ्याने पुढे सरकवत नेलं. अण्णा, तुमचे खिळे सगळेच्या सगळे जागेवर आहेत. एका खिळ्यापासून तिसऱ्या खिळ्यापर्यंत दोरी ताणायची आणि मधला खिळा दोरीपासून किती लांब राहतो ते बघायचं, ही तुमचीच रीत. वळण एकसारखं असेल तर माप सगळीकडे तेच यायला हवं. माप तिच्या शिवणकामाच्या टेपने घेतलं. आकडे तिने वाचले, कारण टेपवरचे आकडे हल्ली फार बारीक छापतात. साडेचार इंच. साडेचार. साडेचार. एका ठिकाणी ती पावणेपाच म्हणाली तेव्हा मी टुणकन उडालो, पण तिने टेपची घडी सरळ केली आणि साडेचार झाले. अकरा ठिकाणी साडेचार. मग खिळ्यापासून पट्ट्यापर्यंत मोजलं. अकरा ठिकाणी नऊ इंच. मी म्हणालो, पुन्हा मोज. तिने पुन्हा मोजलं, आणि तिचा गुडघा किती दुखत असेल हे मला ठाऊक होतं.

पोट नाही, अण्णा. त्या पट्ट्याला कुठेही पोट नाही. तो रस्ता एखाद्याने ताटाची कड आखावी तसा गेला आहे. मी खाली वाकून बघायला गेलो तर मला तिथेही एकाशेजारी दुसरा फिका पट्टा दिसला. 'हा बघ' म्हणून मी बोट ठेवलं तर बोटाखाली नुसतं डांबर होतं. ती म्हणाली, उजवा डोळा झाका. झाकला, तर पट्टा एक झाला आणि पांढराशुभ्र झाला, आपल्या वेळचा. डावा झाकला, तर दोन झाले आणि पिवळे पडले, आणि समोरून येणारं ऊन सगळीकडे पसरलं. मी असा चार-पाचदा आलटून पालटून डोळे झाकत उभा होतो, वाटेने जाणाऱ्याला वाटलं असेल की मी टाकीला डोळे मारतोय. मग मी शंकूशेजारी बसलो. गाडी गॅरेजवाल्याला बोलावून घरी आणवली. तो आधी जातानाच्या बाजूने वळणावरून फिरून आला, तेव्हा एकदाही वाजली नाही.

ता. क. तिसरा. हा वेगळा लिहितो, कारण वरच्यात मावत नव्हता. डोळ्याचं काय, डोळा आज बिघडला. बावीस वर्षांपूर्वी माझे दोन्ही डोळे उत्तम होते. साहेबांनी चालत्या जीपमधून बघितलं आणि म्हणाले पोट आहे, आणि मी खाली उतरून मोजलं नाही. दोरी तुमच्या हातातच होती, दहा मिनिटांचं काम होतं. त्या आठवड्यात बढतीची यादी लागायची होती आणि मला रंगाची गाडी हवी होती. मला ती मिळाली. तुम्ही गोदामात गेलात. दोरी सैल नव्हती हे मला आज कळलं असं म्हणणं सोपं आहे, पण तुमची दोरी कधीच सैल नसायची हे मला तेव्हाही माहीत होतं. मला लाज वाटते, अण्णा. इथे कंसात काही लिहावं असं फार वाटतंय, पण लिहीत नाही.

ता. क. चौथा (शुक्रवार) डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो, बसने, तुमच्या बहिणीला न घेता. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, डाव्यात नुकता बसतोय. मंगळवारी सकाळी ऑपरेशन आहे, अर्ध्या तासाचं. खणातली बटणं एकोणीसच आहेत, म्हणजे नियमाप्रमाणे मी जिंकलो आहे आणि पोरीला ते मान्य करावं लागलं असतं. पण विसावं बटण म्हणून मी किल्लीच बरणीत टाकली आहे, तुमच्या कोटाच्या बटणाशेजारी. पोरीला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मी रजा टाकून येते. मी तिला नको म्हणालो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, न्यायला-आणायला घरचं मोठं माणूस हवं. माझ्या घरी माझ्यापेक्षा मोठं माणूस एकच आहे.

याल का? गाडी तुम्ही चालवायची. जिना चढायचा नाही, दवाखाना तळमजल्यावर आहे, मी विचारून घेतलं. तुमच्या वेगाने ती डबी जागी होईल असं वाटत नाही, पण झालीच तर बटण तुमच्या नावावर, तुमची बहीण मागे बसून मोजणार आहे. आणि डोळ्यावरची पट्टी निघाली की मला सगळ्यात आधी टाकीच्या वळणावर न्यायचं. ऊन समोरून येईल अशा वेळी. पट्टा मला तुमच्या शेजारी उभं राहून बघायचा आहे. भाचीला लिहायच्या त्या दोन ओळी अर्थातच रद्द. तिला मी लिहिलं आहे, सहीनिशी, आणि मोठे साहेब हयात असते तर त्यांनाही लिहिलं असतं.

ता. क. शेवटचा. पाकीट आता खरंच बंद करतोय. तुमच्या बहिणीने शेवटचं एकदा वाचलं आणि विचारलं, रेघांचा कागद असताना रेघा सोडून का लिहिलंय? मी म्हणालो, कागद कोरा आहे. तिने तो खिडकीपाशी नेला आणि डावा डोळा उघडा ठेवून बघायला सांगितलं. फिक्या निळ्या रेघा आहेत, वरपासून खालपर्यंत. म्हणजे तुम्हाला पहिल्या पानावरच सगळं कळलं असणार. नव्या कागदावर उतरवून काढतो म्हणालो, तर ती म्हणाली, असंच जाऊ द्या. तेव्हा तसंच पाठवतोय. वाचताना जिथे जिथे माझी ओळ रेघ ओलांडून गेलेली दिसेल, तिथे दोरीचा काही दोष नाही.